गावंडे सिस्टर आणि गुणाकारवाले

गावंडे सिस्टर कुणाचंही अभिनंदन करत नसत. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही कुणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली की आईबाप पेढ्यांचा डबा घेऊन आधी त्यांच्याच दारात जात. मस्कतला चौदा वर्षं नर्स म्हणून काढून आलेली बिल्डिंगमधली ती एकच बाई होती, आणि आपल्या मुलाचा पगार तिच्यासमोर सांगण्यात लोकांना विशेष मजा वाटायची. सिस्टर दारातच पेढा तोंडात टाकत आणि तो पुरता विरघळायच्या आत विचारत, "पयला पगार कोणत्या तारखेले?"

"पॅकेज चांगलं आहे सिस्टर. आपल्या रुपयांत धरलं तर महिन्याचे..."

"पॅकेज नाई विचारलं. पगार होईपर्यंत पोट्टा राहीन कुठं आन् खाईन काय, ते विचारलं."

बहुतेक बाप हसत, "कंपनी बघते सगळं" असं काहीतरी पुटपुटत आणि डब्याला झाकण लावत. या लोकांना सिस्टरांनी नाव ठेवलं होतं, गुणाकारवाले. "पगाराले गुणते, भाजीले नाई गुणत," त्या म्हणायच्या. "कमावते तिकडच्या पैशात आन् जेवते जसं काई अकोल्याच्या भावात."

मी दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सिस्टर पहिल्या मजल्यावर, एकट्या. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच कळायचं, पण बारीक अक्षरांचा कंटाळा होता आणि चष्म्याचा त्याहून जास्त. कुणी नोकरीचं पत्र घेऊन आलं की त्या गॅलरीतून वर हाक मारत, "वंदना, ये वं. कागद आला." मग मी वाचायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मध्येच हात वर करून म्हणायच्या, "हे पुन्हा वाच." तेवढ्या ओळीत नेमकी मेख असायची.

बुटक्या, जाड, साठी ओलांडलेल्या. घरातही खळ दिलेली सुती साडी, आणि आवाज असा की तीस खाटांचा वॉर्ड एका दमात गप्प बसावा. आलेल्यांना सोफा देत आणि स्वतः प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसत. मस्कतला शुक्रवारी सुटी, म्हणून शुक्रवारी आठवड्याभराचं रांधून डब्यांवर वार लिहायची सवय त्यांना लागली होती. इथे दारात ताजी भाजी येत असूनही बुधवारी त्या बुधवारचाच डबा उघडत. मी एकदा त्यावरून काही बोलले, तर म्हणाल्या, "तुमच्या ताज्या भाजीनं कोनाचं घर वर आलं, सांग मले."

आणखी एक खोड होती. समोरचा बोलत असताना त्या सहज त्याचं मनगट हातात घेत. नाडी बघायची जुनी सवय. मुलगा पगार, शहर, विमान याबद्दल सांगत असायचा आणि सिस्टरांची तीन बोटं त्याच्या मनगटावर. मग एकदम म्हणायच्या, "पगार सांगताना बरी चालते. खोलीचं भाडं विचारलं का पळते."

या सगळ्या तुच्छतेखाली त्यांना काम चोख येत होतं, हे मला सनाच्या वेळी कळलं.

सना ही आमच्या भागातल्या रफिकभाई टेलरची मुलगी. नर्सिंग करून अकोल्यातच नोकरी करत होती. तिला आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली. अमरावतीच्या एका एजंटामार्फत सगळं चाललं होतं. त्याने नोंदणी, विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचं राहणं मिळून जी रक्कम सांगितली, ती ऐकून रफिकभाईंनी दुकानातलं, कापडाच्या कडा शिवायचं इंटरलॉकचं मशीन विकायला काढलं. त्या मशीनवर त्यांचं अर्धं दुकान चालायचं. ते सिस्टरांकडे आले ते सल्ला मागायला नव्हे, मशीनला गिऱ्हाईक आहे का विचारायला.

"मशीन राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "पत्र दाखवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एसटीने अमरावतीला गेलो. एजंटाचं ऑफिस एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि टाय लावलेला तिशीचा माणूस. त्याच्या मागे गळ्यात हार घातलेल्या मुलामुलींचे फोटो. सिस्टरांनी ते फोटो एकेक करून पाहिले.

"यातले परत किती आले?" त्यांनी विचारलं.

तो हसला. "मॅडम, आमचा सक्सेस रेट..."

"असू द्या. हे पैसे कशाचे, सांगा."

"ही प्रोसेसिंगची रक्कम आहे."

"कशाची प्रोसेस? डाळ आहे का ते?"

सना खाली मान घालून बसली होती. सिस्टरांनी मला खूण केली. मी वृद्धाश्रमाचं पत्र वाचायला लागले. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की नोंदणीची फी, येण्याचं तिकीट आणि पहिल्या महिन्याची राहायची सोय संस्था करेल. सिस्टरांनी हात वर केला. मी तेवढा भाग पुन्हा वाचला, या वेळी मराठीत.

एजंट म्हणाला, "ते बरोबर आहे. पण आधी उमेदवाराने भरायचं, नंतर संस्था परत देते. अशीच पद्धत आहे."

"हे कुठं लिहिलं?"

"लिहिलेलं नसतं मॅडम. सगळीकडे चालतं."

"सना, फोन काढ," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या ऑफिसले इथूनच मेल टाक. विचार, का तिकिटाचे पैसे आमी भरू का तुमी."

"असं डायरेक्ट लिहिता येत नाही," एजंट घाईने म्हणाला. "त्यांना आवडत नाही. ऑफर जाऊ शकते."

रफिकभाईंचा चेहरा उतरला. "सिस्टर, रहने दो," ते हळूच म्हणाले. "लडकी का नुकसान नको व्हायले."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "विचारल्यानं जी नोकरी जाते, ती गेलेली बरी. लिही वं तू."

मेल मी सांगितला, सनाने टाइप केला. तिथून उठताना एजंटाने चहा विचारला. सिस्टर म्हणाल्या, "त्याचेही पैसे लावसान तुमी."

परतीच्या गाडीत सनाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती. तिला वाटत होतं नोकरी गेली. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. सिस्टर मात्र बडनेरा सोडल्यापासून तिला झापत होत्या. थंडीचा कोट इथे घेऊ नको, अमरावतीचा कोट तिकडच्या वाऱ्यात रुमाल होतो. बूट घे, दिवसभर उभं राहायचं असतं. छोटा कुकर ने. पहिले तीन महिने मैत्रिणींबरोबर बाहेर खायला जायचं नाही, कंजूष म्हणाल्या तर म्हणू दे. आणि घरी पैसे पाठवायच्या आधी परत येण्याच्या तिकिटाचे बाजूला काढ आणि ते आहेत हे घरी सांगू नको.

"अब्बासे भी छुपाना?" सनाने विचारलं. रफिकभाई शेजारीच होते.

"त्यांच्यापासून पयले," सिस्टर म्हणाल्या.

गाडी मूर्तिजापूरला थांबली होती. सिस्टरांनी शेंगदाण्याची पुडी घेतली, सगळ्यांच्या हातावर थोडे थोडे दाणे ठेवले आणि मग स्वतःची गोष्ट सांगितली. मी इतकी वर्षं शेजारी राहून ती ऐकलेली नव्हती.

त्यांचं माहेर धामणगाव रेल्वेचं. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या कामावर. सिस्टर मस्कतला गेल्या तेव्हा सहा जणींच्या खोलीत राहिल्या आणि मिळेल तो सगळा पगार घरी पाठवत राहिल्या. घर बांधून झालं. मग वरचा मजला झाला. मग भावाने कळवलं, खाली मार्बल बसवायला घेतलं आहे. त्यांनी त्याचेही पाठवले. त्यानंतर आठ दिवसांनी वडील गेल्याचा फोन आला.

"माह्यापाशी तिकिटाले पैसे नव्हते," सिस्टर म्हणाल्या. "मैत्रिणींनी जमवले तोपर्यंत तिसरा दिवस झाला होता. घरी गेली तर बापाचा फोटो ठेवला होता. मार्बलवर. भाऊ सगळ्याइले दाखवून राहिला होता, का हे बहिणीनं केलं."

त्यांनी पुडीचा कागद चुरगळला. "सगळ्यात मोठी गुणाकारवाली मीच होती," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सनाकडे वळून विचारलं, "मोजे किती जोड घेतले?"

तिसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाचं उत्तर आलं. तिकीट ते स्वतः काढणार होते आणि कुठल्याही एजंटाला पैसे देऊ नयेत असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. रफिकभाईंचं मशीन दुकानात राहिलं. सना गेली, आजही तिकडेच आहे. रफिकभाई मिठाई घेऊन आले तेव्हा सिस्टरांनी त्यांना ब्लाउज सैल शिवल्याबद्दल अर्धा तास सुनावलं.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे, त्यात सिस्टर जिंकतात. पण पुढची सांगितल्याशिवाय त्या पुऱ्या होणार नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर इंगळे राहायचे. खतं-बियाण्यांचं दुकान, चांगलं चालणारं. मुलगा स्वप्निल माझाच विद्यार्थी, पुढे इंजिनिअर झाला. त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि इंगळ्यांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर स्वप्निल कोट घालून उभा, मागे विमान, खाली शुभेच्छुकांचे साठेक चेहरे. मंगल कार्यालयात जेवण झालं. सिस्टर गेल्या, पोटभर जेवल्या आणि हात धुताना इंगळ्यांना म्हणाल्या, "या पंगतीत पोट्ट्याचं तीन महिन्याचं खोलीभाडं जेवून गेले लोकं." इंगळे म्हणाले, "सिस्टर, तुमी काही चांगलं बोलतच नाही." त्याच महिन्यात त्यांनी नव्या स्कीममध्ये एक फ्लॅट बुक केला होता. हप्ता स्वप्निलच्या पगारातून जायचा होता.

स्वप्निल पत्र घेऊन खाली आला, बरोबर आई आणि दोन मित्र. कंपनी दोन आठवडे राहायची सोय करणार होती, पुढे ज्याची त्याने. सिस्टर तिकडे कधी गेल्या नव्हत्या, पण त्यांनी विचारपूस करून ठेवली होती. भाड्याचं घर घ्यायचं तर तीन महिन्यांचं भाडं अनामत ठेवावं लागतं, आणि कित्येक घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो.

"भात लावता येते?" त्यांनी विचारलं.

"मोबाइलवर बघून शिकेन सिस्टर."

"मोबाइल आहे ना. लाव आता."

त्यांनी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं. त्याने पाणी कमी घातलं, गॅस मोठा ठेवला. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. सिस्टरांनी ते पातेलं उचललं आणि सरळ गॅलरीत जाऊन खालच्या बायांना दाखवलं. "पाहा, जर्मनीचा इंजिनिअर." बाया हसल्या. मित्र हसले. मीही हसले. स्वप्निलची आई तेवढी हसली नाही. स्वप्निल पत्र घडी करून खिशात घालून निघून गेला, आणि जायच्या दिवसापर्यंत पुन्हा खाली आला नाही.

पाच महिन्यांनी तो परत आला. इंगळे सगळ्यांना सांगत, प्रोजेक्ट बंद पडला. मग एका रविवारी सकाळी तो माझ्याकडे नव्या नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला आला. गालफडं बसली होती. त्याने हळूहळू सगळं सांगितलं. दोन आठवडे संपले तेव्हा अनामतीचे पैसे नव्हते, म्हणून तो आठ खाटांच्या वसतिगृहात राहिला. पहिल्या पगारातून कर आणि विमा कापला जातो हे त्याला हातात कागद आल्यावर कळलं. उरलं त्यातलं निम्मं वडिलांच्या फ्लॅटकडे गेलं. मग ब्रेड आणि उकडलेली अंडी, सकाळ-संध्याकाळ. थंडीत छाती भरली, तीन आठवडे कामावर गेला नाही, आणि तो अजून पक्का झालेला नसल्यामुळे कंपनीने नारळ दिला.

"घरी का नाही सांगितलंस?"

"बाबा रोज फोन करायचे मॅडम. पैसे कधी टाकतो म्हणून." त्याने अर्जाची पानं सारखी केली. "सिस्टरांचा नंबर काढून बसलो होतो एकदा. मग वाटलं, त्या आधी हसतील."

हे मी सिस्टरांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्या डाळ निवडत होत्या.

"हसली असती," त्या म्हणाल्या. "हाव. हसून मंग सांगितलं असतं ना."

"त्याला हसण्याच्या पुढचं दिसलं नाही."

त्या बराच वेळ डाळीत बोटं फिरवत राहिल्या. एकही खडा काढला नाही. मग म्हणाल्या, "तू जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुखऱ्या गुडघ्याने दोन जिने चढून इंगळ्यांकडे गेल्या. वाटेत मला बरोबर घेतलं. इंगळ्यांनी दार उघडलं आणि प्रोजेक्टची गोष्ट सुरू केली. सिस्टर म्हणाल्या, "तुमी थांबा जरा," आणि आत जाऊन स्वप्निलसमोर बसल्या.

"त्या दिवशी माहं चुकलं," त्या म्हणाल्या. "भात सगळ्याइचाच करपते पयल्यांदा. माहाही करपला होता. मले कोनी गॅलरीत नाई नेलं."

आतून त्याची आई दारात येऊन उभी राहिली. मग सिस्टर इंगळ्यांकडे वळल्या, आणि आवाज पुन्हा वॉर्डातला झाला.

"आता तुमी सांगा. आठ खाटाइच्या खोलीत झोपून त्यानं तुमच्या फ्लॅटचा हप्ता भरला. तुमी त्याले एकदा तरी विचारलं, का जेवला का?"

"तो सगळं ठीक आहे म्हणायचा," इंगळे म्हणाले.

"कारण तुमी पैशाचंच विचारत होते. पैसे ठीक होते."

इंगळे सोफ्यावर बसले आणि त्यांनी टीव्हीचा रिमोट उगाच हातात घेतला. त्यांचा मला तेव्हाही राग आला नाही, त्यांची कीव आली. त्या माणसाने फ्लेक्सवर छापलेला मुलगाच खरा धरला होता. पुढे त्यांनी फ्लॅटचं बुकिंग रद्द केलं, त्यात नुकसान सोसलं, आणि लोकांना सांगितलं की बिल्डर खराब निघाला.

त्यानंतर स्वप्निल शनिवारी सकाळी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात दिसू लागला. शिव्या कमी झाल्या नाहीत. "हा कांदा आहे का काकडी?" असं खालून ऐकू यायचं. पण गॅलरीचं दार लावलेलं असायचं. वर्षभराने त्याला तिकडेच दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सही करायच्या आधी त्याने स्वतः कंपनीला लिहून घराच्या अनामतीसाठी उचल मागितली आणि ती मिळाली. हे त्याने कुणालाही विचारून केलं नव्हतं. फ्लेक्स लागला नाही.

सिस्टरांना मी शेवटचं पाहिलं ते स्वप्निलला सोडायला गेलो तेव्हा, अकोल्याच्या स्टेशनवर. त्यानंतर पंधरा दिवसांत मी मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेले, आणि तिथेच मला फोन आला की सिस्टर सकाळी उठल्याच नाहीत. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. भेटायला आलेले लोक म्हणत होते, बाई तशी बरी होती, पण फार तोंडाळ. हे म्हणणाऱ्यांपैकी तिघांची मुलं आज तिकडे नीट राहतात, ती त्या तोंडाळ बाईला पत्र दाखवून गेलेली आहेत. कुणाच्या ते लक्षात असेलसं वाटलं नाही.

त्या दिवशी स्टेशनवर दुपारची मुंबईची गाडी होती. शेजारच्या डब्यापाशी दुसरा एक मुलगा निघाला होता, कुठे ते माहीत नाही. गळ्यात हार, सोबत बँजोपार्टी, पंधरा-वीस जण मोबाइल वर धरून उभे. सिस्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. इंगळे, त्यांची बायको आणि स्वप्निल डब्याच्या दाराशी होते. सिस्टर तिथे गेल्या नाहीत, चार पावलं लांब उभ्या राहिल्या. गाडी हलली तशा मात्र त्या एकदम निघाल्या आणि खिडकीबरोबर चालायला लागल्या, गुडघा ओढत. खिडकीशी वाकलेल्या स्वप्निलला त्या काहीतरी सांगत होत्या. तो मान हलवत होता. मग गाडीने वेग घेतला.

मी त्यांच्याजवळ पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"काय सांगितलंत?"

"काई नाई. कान झाकत जा म्हटलं. थंडी कानातून शिरते."

मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि बाकावर बसल्या.

"तू हो पुढं. मी बसतो जराशी."

"गाडी गेली सिस्टर. आता कशाला बसता?"

"जा म्हटलं ना."

मी पुलाचा जिना चढले. वर गेल्यावर मागे वळून पाहिलं. फलाट रिकामा होत आला होता, बँजोवाले वाद्यं उचलून निघाले होते. सिस्टर बाकावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, समोर रिकामे रूळ. एखाद्या ऑफिसात आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत माणसं बसतात, तशा.